अज्ञानाची पूर्वतयारी

मुलं झोपली होती, आणि मागच्या पडवीतल्या चुलीपाशी मावशींची वाटी धान्याच्या पिंपाच्या तळाला खर्रकन् घासली. बालवाडीच्या एकुलत्या एका खोलीत तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला. दोघा-तिघांनी डोळेही उघडले. धान्य देणाऱ्या ज्या कार्यालयाने तो ऐकायला हवा होता, ते शहरात होतं.

"ताई, उद्यापुरतं निघेल," स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या. "परवा काय, पाण्याला फोडणी देऊ?"

ताई म्हणजे बालवाडीची शिक्षिका. इथे जेवण बंद झालं की आया मुलांना वीटभट्टीवर सोबत नेणार, आणि एकदा भट्टीवर गेलेलं मूल तिथलंच होऊन जातं, हे तिला पाठ होतं. झोपलेल्यांत तिची स्वतःची मुलगीही होती, तोंडात अंगठा घालून.

सुदैवाने त्याच दुपारी मदत देणाऱ्या संस्थेचे साहेब आले. त्यांचं काम मुलांची प्रगती मोजण्याचं.

"धान्य मिळेल," ते म्हणाले. "पण संस्था आता गरज बघून मदत देत नाही. गरज काय, कुणालाही असते. आम्ही प्रगती बघतो." आणि त्यांनी पिशवीतून एक चेंडू काढून वर धरला.

"लाल!" नुकतीच उठलेली खोली एकसुरात ओरडली.

साहेबांचा चेहरा उतरला. "ताई, हे फार गंभीर आहे."

"का हो? बरोबर तर सांगितलं."

"तेच म्हणतोय मी! सुरुवातीलाच रंग येत असतील, तर ते आमच्या मदतीमुळे आले असं दाखवायचं कसं? प्रगतीला थोडी तरी जागा ठेवा!" मग आवाज खाली आणून ते मायेने म्हणाले, "मी आज आलोच नव्हतो असं समजा. उद्या येतो. तोवर बघा, काही सुधारणा होते का."

सुधारणा सोपी नव्हती. रंग शिकवायला ताईला अख्खा पावसाळा लागला होता; ते काढून घ्यायला हातात जेमतेम संध्याकाळ होती. तिने मुलांना गोल बसवलं, कावळ्याचं चित्र दाखवलं आणि 'माहीत नाही' म्हणायला सांगितलं. एका चिमुरड्याने भोकाडच पसरलं. "पण तो कावळाच आहे!"

"आहे रे राजा," ताईने त्याचं नाक पुसलं. "फक्त उद्या नाहीये."

मग तिने साहेबांनी सरावासाठी मागे ठेवलेला चेंडू उचलून स्वतःच्या मुलीला विचारलं.

"हा चेंडू लाल आहे हे मला माहीत नाही," मुलगी ठणकावून म्हणाली.

मावशी तोंडाला पदर लावून चुलीकडे पळाल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र मुलांनी ताईची लाज राखली. कुणाला चेंडू ओळखता आला नाही, कुणाला कावळा; एकाने तर उत्साहाच्या भरात स्वतःचं नावही सांगितलं नाही. साहेब गहिवरले. "इतकं निर्भेळ अज्ञान माझ्या उभ्या नोकरीत पाहिलं नाही हो!"

धान्य आलं. पिंप काठोकाठ भरलं. लाल म्हटल्यावर नुसत्या टाळ्या मिळतात आणि माहीत नाही म्हटल्यावर ताट भरतं, हे मुलांच्या लक्षात आलं. मुलं हुशार असल्यामुळे हा धडा पुन्हा सांगावा लागला नाही.

आठवड्याच्या आत एक आजी तणतणत आली. "नातवाला विचारलं, मी तुझी कोण? तर म्हणतो माहीत नाही! शिकवता तरी काय गं इथे?" ताईने सांगायला तोंड उघडलं, चुलीवरच्या भरल्या पातेल्याकडे पाहिलं आणि मिटलं.

वर्षअखेरीस दुसरी मोजणी झाली. आता सगळं येणं आवश्यक होतं, त्यामुळे ते आलं. शून्यातून एवढी झेप म्हणजे चमत्कारच. संस्थेने बालवाडीच्या अंगणात मांडव घालून सत्कार ठेवला. ताईच्या हातात नारळ देत साहेब म्हणाले, "अभिनंदन! तुमची मदत बंद झाली."

"बंद?"

"आता यांना सगळं येतं. तरीही मदत चालू ठेवायची म्हणजे प्रगतीचा अपमान नाही का?"

"पण साहेब, उद्यापासून मुलं खाणार काय?"

"ते मला माहीत नाही. आमच्याकडे फक्त प्रगती."

मांडवात पाहुणे होते. तुमच्याआमच्यासारखीच भली, हळवी माणसं. मुलांची गाणी ऐकून त्यांचे डोळे पाणावले होते. ताईची मुलगी एकेकाचा हात ओढत विचारत फिरली, "उद्या आम्हाला जेवायला कोण देणार?" प्रत्येकाने खाली वाकून तिचा गाल कुरवाळला. "माहीत नाही गं बाळा," प्रत्येकजण म्हणाला, आणि चहाकडे वळला.

मुलगी परत आली ती काळजीत. तिने ताईचा पदर धरला.

"आई, इथे तर सगळेच माहीत नाही म्हणतात," ती हळूच म्हणाली. "एवढ्या सगळ्यांना धान्य कोण देणार आहे?"