'सांगाड्या'वरचा अभिप्राय

जोतीरामच्या कॅसेट लायब्ररीतली अभिप्रायाची वही सोमशेखरनं उघडली. त्याच्या अकरा पानी अभिप्रायावर कुणीतरी चहाचा कप ठेवून गोल डाग पाडला होता. डागाचं एवढं काही नाही. पण पान उलटलं, तर तिथं कुण्या विद्याश्रीचा दोन ओळींचा मजकूर होता आणि खाली एकोणीस जणांनी 'एकदम बरोबर' म्हणून सह्या ठोकल्या होत्या.

वही होती ती एकाच कॅसेटची. मंगळवार पेठेतल्या त्या लायब्ररीत भावगीतं, लावण्या, सिनेमाची गाणी पोत्यानं होती. इंग्रजी मात्र एकच. जोतीरामच्या मावसभावानं दुबईहून आणलेला, १९८४ सालचा हेवी मेटलचा अल्बम. त्याचं नाव पेठेत कुणाच्या जिभेवर बसेना. कव्हरवर गिटार घेतलेला सांगाडा होता, म्हणून लोक येऊन विचारायचे, "सांगाडा हाय का?" परत देताना वहीत चार शब्द लिहायचे, हा जोतीरामचा नियम.

सोमशेखर एका पतसंस्थेत क्लार्क होता, पण पेठेत त्याची ओळख 'सांगाड्या'तला जाणकार अशीच होती. निदान त्याची स्वतःची तशी समजूत होती. अकरा पानांत त्यानं गिटारची परंपरा, पाश्चात्त्य तरुणांची घुसमट आणि टेपरेकॉर्डरचं हेड साफ करायची पद्धत असं सगळं घातलं होतं.

आणि ही विद्याश्री काय म्हणत होती? 'तिसऱ्या गाण्यात ड्रमवाला मधेच थांबतो, तिथं माझाबी श्वास थांबतो. परवा अप्पांनी ठसका लागला समजून पाठीत धपाटा घातला.'

"कोण ही?" सोमशेखरनं शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

"गडहिंग्लजच्या हायेत. हितं टायपिंग क्लासात शिकवत्यात," जोतीराम म्हणाला. "काय लिवलंय बगा सोमूअण्णा! वाचलं की माझाबी श्वास थांबतोय."

"माझं वाचलंस का?"

"वाचतोय की. दिवाळीपातूर हुईल."

त्या रात्रीच नव्हे, पुढं तीन दिवस सोमशेखरला जेवण गोड लागलं नाही. तिसरं गाणं त्यानं कितीतरी वेळा ऐकलं होतं. ड्रमवाला थांबतो हे त्याच्या कानावरून गेलं होतं; श्वास मात्र कधी थांबला नव्हता. आता मुद्दाम धरून बघितला, तर नुसती उचकी लागली. एका टायपिंगवालीला जे ऐकू येतं ते आपल्याला येऊ नये, याची आग त्याच्या पायांपासून डोक्यापर्यंत गेली.

तिची खोड मोडायचीच म्हणून चौथ्या दिवशी जोतीराम चहा आणायला गेलेला बघून सोमशेखरनं वही ओढली. अक्षर ओळखू नये म्हणून पेन डाव्या हातात धरलं आणि लिहिलं, 'ड्रमवाला थांबत न्हाय बाई, तुमच्याकडची लाईट जात असंल. आमच्या फौंड्रीत दिवसभर ह्योच दणका असतोय, कोण श्वास धरून बसत न्हाय. — पिराजी, उद्यमनगर.' आणखी बरंच सुनावायचं होतं. पण डाव्या हाताला वांब येऊन बोटं आखडली आणि त्याला तिथंच थांबावं लागलं.

दोन दिवसांनी तो मजेत शीळ घालत लायब्ररीत आला. दारातच जोतीराम पोट धरून हसत होता.

"अण्णा, पिराजीचं वाचलंसा का? लाईट जात असंल म्हनं! आन् अक्षर बगा की वाकडंतिकडं. मशिनीत हात गेला असणार बिचाऱ्याचा. तरीबी लिवतोय. ह्येला म्हनायचं आवड!"

पिराजीखाली सव्वीस सह्या होत्या. सगळ्यांत खाली टपोऱ्या अक्षरात विद्याश्रीनं लिहिलं होतं, 'पिराजी, तुमचंच खरं असंल. फौंड्री ऐकायला कधी येऊ?'

सोमशेखरच्या हातून वहीच निसटली. आजवर त्याला कुणी कुठंही ऐकायला येऊ का म्हणून विचारलं नव्हतं. आणि जो माणूस जगात जन्मलाच नाही, त्याला मात्र हा मान!

आता हा पिराजी लोकांच्या मनातून उतरवायचा, असं त्यानं ठरवलं. पुन्हा डाव्या हातानं, मुद्दाम अडाण्यासारखं लिहिलं, 'मला ह्यातलं काय कळत न्हाय. पर ह्ये लावलं की दोन भाकरी जास्त जात्यात.' दुसऱ्या दिवशी पेठेत जो तो तेच वाक्य बोलू लागला. पानपट्टीवाल्या गुंडूनं तर ते पाटीवर लिहून टांगलं. मग सोमशेखरनं उजव्या हातानं, स्वतःच्या सहीनिशी, पिराजीच्या अज्ञानाचा तेरा पानी समाचार घेतला. त्याखाली कुणीतरी एवढंच लिहिलं : 'गरिबाच्या दोन भाकरी बघवंनात व्हय?'

श्रावणात जोतीरामनं लायब्ररी मोडून तिथं एसटीडी बूथ टाकायचं ठरवलं. बाकी कॅसेटी तो विकणार होता. "पर 'सांगाडा' इकायचा न्हाय," तो म्हणाला. "ज्येचा अभिप्राय समद्यात झ्याक, त्येला द्यायचा. चिठ्ठ्या टाका."

रविवारी सकाळी लायब्ररीत पाय ठेवायला जागा नव्हती. जोतीरामनं चिठ्ठ्या मोजल्या. पिराजीला चौतीस, विद्याश्रीला एकवीस आणि सोमशेखरला एक. ते एक मत कुणाचं हे त्यानं सांगितलं नाही, फक्त सोमशेखरकडं बघितलं.

"तर 'सांगाडा' पिराजीचा! कुठाय पावणा? फुडं या की!"

कुणीच पुढं येईना. कॅसेट जोतीरामच्या हातात होती. कव्हरवरचा सांगाडा दात विचकून बघत होता. सोमशेखरनं हिशेब मांडला. गप्प बसावं तर कॅसेट जाते, बोलावं तर अब्रू. शेवटी कॅसेटचा मोह जिंकला.

"पिराजी मीच आहे," तो खाली मान घालून म्हणाला.

असा हशा उसळला की समोरच्या पिठाच्या गिरणीतले लोक बाहेर आले.

"अण्णा, तुमी दोन ओळीत थांबशिला व्हय?" गुंडू ओरडला.

"डाव्या हातानं लिहीत होतो. वही द्या, दाखवतो!"

वही आली. सगळे वाकून बघू लागले. विद्याश्रीही पुढं सरकली. सोमशेखरनं डाव्या हातात पेन धरलं आणि 'मी पिराजी' असं लिहिलं. अक्षर हुबेहूब तेच होतं. जोतीरामचं तोंड उघडंच राहिलं. तिथंच थांबला असता, तर गड जिंकला होता.

पण छप्पन माणसं आपलं लिखाण वाचायला वाकलीत, असं दृश्य सोमशेखरनं जन्मात पाहिलं नव्हतं. हात थांबेना. एवढ्या सरावानं वांबही येईना. 'पिराजी' या नावामागची भूमिका, टोपणनावांची परंपरा, मग फौंड्री आणि संगीत यांचा संबंध... दीड पान भरल्यावर त्यानं मान वर केली, तेव्हा निम्मी माणसं घरी गेली होती.

"न्हाय न्हाय," जोतीराम ठामपणे म्हणाला. "अक्षर गिरवून आलायसा, पर पिराजीची सर न्हाय. अण्णा, तुमच्यासारख्यानं गरिबाच्या नावावर कॅसेट न्यायची म्हंजे..." त्यानं मान हलवली आणि कॅसेट विद्याश्रीच्या हातात दिली. "पिराजी गावंपातूर तुमीच सांभाळा."

सोमशेखर चपला शोधत होता, तेव्हा ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"एक विचारू का अण्णा? तुमी त्यांना ओळखत असणार. न्हायतर अक्षर एवढं जमलं नसतं. कसा हाय हो माणूस?"

सोमशेखरनं तिच्या हातातल्या कॅसेटकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं. इतक्या आपुलकीनं सोमशेखरबद्दल आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं. त्याच्या कपाळाची शीर उडाली.

"काय न्हाय हो," तो चपलेत पाय घालत म्हणाला, "उगीच चढवून ठेवलंय लोकांनी. मला तर तो पहिल्यापासनं आवडला न्हाय."