फणस, सुरण आणि वनराजांचा घसा

एका जंगलात, बाळांनो, जिकडे बघावं तिकडे झाडंच झाडं होती. तरीही तिथल्या सिंहिणीला बाग हवी होती.

असं का, ते विचारू नका. ती नुकतीच माहेरी जाऊन आली होती.

"अहो, आमच्या ताईच्या गुहेपुढे बाग आहे," ती सिंहाला म्हणाली. "आणि आपल्या गुहेपुढे काय आहे? हाडं!"

सिंहाने अंगणाकडे पाहिलं. हाडं होती खरी.

"अगं, पण एवढं जंगल असताना बाग कशाला?"

"जंगल सगळ्यांचं असतं. बाग आपली असते."

सिंहाला हे वाक्य फार खोल वाटलं. त्याने लगेच बाग करायचं ठरवलं.

अंगण मोठं होतं. पण त्यात सिंहाची सकाळी लोळायची जागा होती. दुपारी लोळायची जागा वेगळी होती. दरबार भरायची जागा होती. हे सगळं सोडून उरली माती टोपलीभर. तिथे एकच काहीतरी वाढू शकलं असतं.

"कोल्हेपंत," सिंह आपल्या प्रधानाला म्हणाला, "काय लावावं?"

कोल्हेपंत हुशार होते. कुठल्याही प्रश्नाचं उत्तर स्वतः द्यायचं नाही, हे त्यांना लहानपणीच समजलं होतं. त्यांनी दवंडी पिटवली.

दवंडी ऐकून दोघं जण आले.

पहिलं आलं अस्वल. त्याचं नाव भालोबा. मनाने साधा, पोटाने मोठा. त्याने करवंटीत फणसाचं रोप आणलं होतं. दुसरं आलं रानडुक्कर. त्याचं नाव वराहराव. त्याने सुळ्यांवर तोलून एक मातकट, खडबडीत गोळा आणला होता.

"हा धोंडा कशाला आणलास रे?" सिंहाने विचारलं.

"महाराज, धोंडा नव्हे, सुरण! याला मातीत पुरलं की झालं."

"मग दिसणार काय?"

"काही नाही. हेच तर त्याचं मोठेपण. एवढा गुणी, पण मिरवणं नाही."

भालोबा खवळला. "महाराज, फणस लावा! सावली देईल. पिकला की पंचक्रोशीत घमघमाट सुटेल. आत गरे, गऱ्यात आठळ्या. पाला शेळ्यांना आवडतो."

"शेळ्या अंगणात येतील?" सिंह सावरून बसला.

"धावत येतील!"

पारडं फणसाकडे झुकलं. वराहरावांनी ते पाहिलं. ते पुढे सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "महाराज, सुरण मूळव्याधीवर रामबाण."

सिंह जरा कलून बसला. दिवसभर दगडी सिंहासनावर बसून राजाला काय काय सोसावं लागतं, हे प्रजेला माहीत नसतं. वराहरावांना मात्र माहीत होतं. सिंह बसताना कसा बसतो, हे त्यांनी नीट पाहिलं होतं.

"मला तसलं काही नाही," सिंह म्हणाला. "पण सुरणाचा विचार व्हायला हवा."

मग तुलना सुरू झाली. कोल्हेपंत मधे बसले.

"उंची?"

"चार हत्ती एकावर एक!" भालोबा म्हणाला.

"आमची उंची खाली असते," वराहराव म्हणाले.

"एकाची वर, एकाची खाली. बरोबरी," कोल्हेपंत म्हणाले. "फूल?"

भालोबा जरा अडखळला. "फणसाला फूल येतं. पण ते फूल आहे हे शेजारी उभं राहून सांगावं लागतं."

"आमचं न सांगता कळतं," वराहराव म्हणाले.

"ठरलं तर!" कोल्हेपंत उठले. "बाग म्हणजे फूल. दोन्ही लावा. जे आधी फुलेल ते राहील. दुसरं उपटून टाकू."

"पंत, हा अन्याय आहे! फणसाला फुलायला वर्षं लागतात!"

"मग त्याने लवकर जन्माला यायला हवं होतं."

दोन्ही लावली गेली. भालोबा रोज येऊन रोपाला पाणी घालायचा. त्याच्याशी बोलायचा. "घाई कर रे सोन्या," म्हणायचा. रोपाला दोन पानं फुटली. त्यापुढे त्याने काही मनावर घेतलं नाही.

आणि एका सकाळी सुरण फुलला.

पान नाही, देठ नाही. मातीतून एकदम फूलच वर आलं. सुपाएवढं, काळपट लाल, मधोमध सुजलेल्या नाकासारखा गोळा. आणि वास! बाळांनो, तुमच्या घरात कपाटामागे कधी उंदीर मेलाय का? तसे दहा उंदीर एका कपाटामागे मेले असं समजा.

माकडं झाडावरून पडली. एक हरीण उभ्या उभ्या बेशुद्ध झालं. भालोबा नाक दाबून ओरडला, "अरे, कोण मेलं?"

तेवढ्यात सिंह गुहेतून बाहेर आला. त्याने डोळे मिटले. छाती भरून वास घेतला.

"अहाहा!" तो म्हणाला. "काय हा सुगंध! जणू तीन दिवसांपूर्वीचा रेडा!"

सगळ्यांनी कोल्हेपंतांकडे पाहिलं. मग कोल्हेपंतांनी नाकावरचा पंजा काढला.

"अहाहा!" ते म्हणाले.

"अहाहा!" माकडं म्हणाली. बेशुद्ध हरणाला कुणीतरी चिमटा काढला. तेही म्हणालं, "अहाहा!" आणि पुन्हा बेशुद्ध झालं.

फक्त भालोबा नाक दाबून उभा होता.

"काय रे, काय म्हणालास तू मघाशी?" सिंहाने विचारलं. "माझ्या बागेतल्या फुलाला मेलं म्हणालास?"

"महाराज, वास तसाच येतोय."

"राजद्रोह!" कोल्हेपंत ओरडले.

भालोबाला वेलींनी बांधलं. त्याला आणून सिंहापुढे बसवलं. "महाराज, मी फक्त फणस चांगला म्हणालो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

सिंह मात्र मातीकडे बघत होता. त्याच्या डोक्यात एक विचार आला होता. राजांच्या डोक्यात विचार येतो तेव्हा तो असाच येतो.

"फूल असं," तो म्हणाला, "तर खालचा कंद कसा असेल!"

"महाराज, थोडं थांबावं," वराहराव घाईने म्हणाले. त्यांना तो स्वतःसाठी हवा होता.

"मी थांबत नसतो. आधी सुरण, मग अस्वल!"

सिंहाने पंजाने माती उकरली. कंद बाहेर काढला. शिजवणं, चिरणं, धुणं या गोष्टी सिंहाला कोण शिकवणार? त्याने तो कच्चाच खाल्ला. मातीसकट. सगळा.

मग ओठ पुसून तो भालोबाकडे वळला. त्याने जबडा उघडला. जंगल हादरवणारी गर्जना करायची होती.

"खॉ," सिंह म्हणाला.

सगळे बघत राहिले.

"खॉक. खॉक." सिंहाने गळा धरला. जीभ बाहेर काढली. ती भोपळ्याएवढी झाली होती. त्याने झाडाला मान घासली. जमिनीवर लोळला. आधी सकाळच्या जागी, मग दुपारच्या जागी. खाज काही जाईना. गर्जना येईना. गिळता तर मुळीच येईना.

अस्वल खाणार कसं?

कोल्हेपंतांनी सिंहाकडे पाहिलं. मग भालोबाच्या नखांकडे पाहिलं. या क्षणी जंगलात जास्त धोका कुणापासून आहे, याचा त्यांनी अंदाज घेतला.

"महाराज म्हणतात," कोल्हेपंतांनी जाहीर केलं, "अस्वलाला माफ!"

"खॉक! खॉक!" सिंहाने जोरजोराने मान हलवली.

"शिवाय त्याची क्षमाही मागतात!"

भालोबाच्या वेली सोडल्या. तो हमसून हमसून रडला. मग त्याने सुरणाच्या फुलाला साष्टांग नमस्कार घातला.

"फणसाच्या रोपाचं काय करायचं?" कोल्हेपंतांनी त्याला विचारलं.

"कसला फणस?" भालोबा म्हणाला.

खाज दोन दिवसांत उतरली असती. पण सिंहाने खुणेने वराहरावांना औषध विचारलं. वराहरावांनी नाडी पाहिली. "गुण येतोय, महाराज," ते म्हणाले. "आता बंद करायचं नाही. रोज एक फोड, कच्ची. नवा सुरण मी आणून देतो."

जंगलात फार सुख आलं. हरणं नदीवर भरदिवसा पाणी प्यायला लागली. सशांची लग्नं झाली. दरबारात सिंह "खॉक" म्हणायचा आणि कोल्हेपंत त्याचा अर्थ सांगायचे. इतका दयाळू राजा जंगलाने कधी पाहिला नव्हता. सिंहिणीलाही बरं वाटलं. इतकी वर्षं कानाशी गर्जना होती. आता ती दुपारी स्वस्थ झोपायची.

सुरणाच्या खाजेवर चिंच हा उतारा, हे जंगलात कुणाला माहीत नव्हतं असं मात्र समजू नका. माकडांना माहीत होतं. हरणांना माहीत होतं. भालोबाला तर फारच माहीत होतं. गुहेच्या मागेच चिंचेचं भलंमोठं झाड होतं आणि ते फळांनी लगडलं होतं.

एकदा सिंह घसा खाजवत नेमका त्याच झाडाखाली जाऊन बसला. वरून एक चिंच टपकन त्याच्या पुढ्यात पडली. सिंहाने ती उचलली. हे काय, असं त्याने खुणेने सिंहिणीला विचारलं.

सिंहिणीने ती त्याच्या पंजातून अलगद काढून घेतली आणि लांब भिरकावली.

"शी! टाका ते," ती म्हणाली. "आंबट असतं. तुमच्या घशाला बाधेल."

तात्पर्य : अंगणात काय लावावं, हे राजाला कुणीही सांगावं. घशाला काय लावावं, हे मात्र कुणी सांगू नये.