काशीअप्पांचा फिरता आवाज

"आदरणीय ग्रामस्थांनो! आदरणीय विठाबाईंची आदरणीय शेळी कालपासून हरवली आहे. रंग काळा, एक शिंग मोडकं. सापडल्यास मानानं घरी आणून सोडावी!"

परगावचा माणूस हे ऐकून हसतो. आमच्या गावात कोणी हसत नाही. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून काशीअप्पा जन्मभर हेच करत आले. नळाला पाणी कधी येणार, बाजारात मिरची कुठल्या भावानं, कुणाच्या घरी मयत झालं, सगळं आम्हाला त्यांच्याच खर्जातल्या आवाजात कळायचं. आणि माणूस असो की शेळी, नावाआधी 'आदरणीय' लागलंच पाहिजे. मी एकदा हटकलं, तर म्हणाले, "मान दिल्यानं जीभ झिजती का हो, शेटजी?"

शिरूर अनंतपाळच्या अलीकडे आमचं गाव, आणि चौकात माझं किराणा दुकान. अप्पांची रिक्षा दुकानाच्याच सावलीला उभी राहायची. अप्पांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, घरात फक्त मोत्या नावाचा कुत्रा. त्यामुळे दुपार माझ्या दुकानात, पोत्यावर बसून. मी टीव्ही लावायचो. चार चौकटींतली चार माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत असायची. अप्पा कान झाकून घ्यायचे. "ह्यास्नी चौघांत मिळून एकच माईक द्या. मंग बघा कसे गुमान बसतेत."

निवडणुकीत दोन्ही बाजू अप्पांनाच बोलवायच्या. सकाळी एकाचा प्रचार, संध्याकाळी दुसऱ्याचा. विरोधी उमेदवारही आदरणीयच. गावाला त्याचं कधी नवल वाटलं नाही.

यंदा सरपंचपदाला शांताबाई उभ्या राहिल्या. नवरा वारलेला, शेती स्वतः बघणारी करारी बाई. समोरच्या गटाची पोरं अप्पांकडे एक वाक्य घेऊन आली. 'नवऱ्याला खाऊन बसली, आता गाव खायला निघाली.' अप्पांनी ऐकून घेतलं आणि उठून उभे राहिले. "तिच्या मालकाच्या मयताची बातमी म्या दिली हाय ह्या तोंडानं. त्याच तोंडानं हे न्हाई व्हायचं." पोरं हसत निघाली. जाता जाता एकजण म्हणाला, "तुमी नसलात तरी चालतंय अप्पा. तुमचा आवाज हाय की."

त्याचा अर्थ तेव्हा आम्हाला कळला नाही. कळला तो त्याच आठवड्यात. भर दुपार, चौकात चिटपाखरू नाही. अप्पा माझ्यासमोर बशीतून चहा ओढत होते. आणि मारुतीच्या देवळामागून अप्पांचा आवाज आला.

तोच खर्ज, वाक्याआधीचं तेच खाकरणं, 'ग्रामस्थांनो'चा तोच लांबवलेला 'नो'. "आदरणीय ग्रामस्थांनो! आदरणीय शांताबाई नवऱ्याला खाऊन बसल्या, आता गाव खायला निघाल्या!" मी अप्पांच्या तोंडाकडे बघितलं. तोंड बंद होतं. बशी ओठाला तशीच टेकलेली, चहा धोतरावर सांडत होता. पायाशी झोपलेला मोत्या उठला, त्यानं एकदा अप्पांकडे बघितलं, एकदा गल्लीकडे, आणि शेपटी हलवत आवाजाच्या मागे पळत गेला.

भोंगा बांधलेली दुसरीच एक रिक्षा समोरून गेली. आत एक पोरगा शेंगा खात एका हातानं गाडी हाकत होता. माईक नव्हताच. नंतर कळलं, लातूरला कुणीतरी संगणकावर अप्पांचा आवाज तयार करून दिला होता. काय हवं ते टाइप करायचं, अप्पा बोलतात.

अप्पा रिक्षाच्या मागे चालत निघाले. मीही दुकान उघडं टाकून गेलो. पुढे आवाज शिवी देऊन जायचा, मागून अप्पा दाराशी हात जोडून उभे. "त्यो मी न्हाई हो." बिनभोंग्याचा अप्पांचा आवाज इतका बारीक आहे, हे मलाही तेव्हाच कळलं. लोक गोंधळले. "तुमी न्हाई तर मग बोलायलंय कोण?" एका म्हातारीनं तर दारच लावून घेतलं. ती अप्पांना बघून घाबरली होती.

शांताबाईंचं दार बंदच होतं. अप्पांनी कडी वाजवली. आतून फक्त एवढंच आलं, "अप्पा, तुमीबी?"

त्यानंतर अप्पा बोलेनासे झाले. शांताबाई पडल्या. निवडणूक संपली, पण आवाज थांबला नाही. फुकटात मिळालेला आवाज कोण टाकून देणार? अप्पा माझ्या दुकानात मुके बसलेले आणि गल्लीतून त्यांचाच आवाज सांगत जायचा, "शेळी हरवली आहे." शिवीला आदरणीय लावलं होतं, शेळीला लावायचं मात्र कुणाला सुचलं नाही. मोत्या दिवसभर त्या रिक्षामागे हिंडायचा. मला तर टीव्ही लावायचीही भीती वाटू लागली, न जाणो त्यातूनही अप्पाच बोलायचे.

एक दिवस अप्पा आपणहून म्हणाले, "शेटजी, म्या मेल्यावर गावाला सांगणार कोण?"

"काहीतरी अभद्र बोलू नका."

"त्यो सांगंल. 'काशीअप्पा मेला' म्हणून मीच फिरायचो गावभर." मला हसू आलं. अप्पांनी माझा हात धरला. "तुमी सांगा. तुमचा आवाज लई चिरका हाय. असला आवाज कुणी चोरून नेणार न्हाई. लोकास्नी खरं वाटंल."

असा मान मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला. अप्पांनी रिक्षातला माईक वायर ओढत खिडकीतून माझ्या गल्ल्यावर आणून ठेवला आणि तालीम सुरू झाली. "काशीअप्पा वारले," मी म्हणालो. "अहो, असं न्हाई. आमी लिंगायत, लिंगैक्य झाले म्हणा. आन् आदरणीय ऱ्हायलं." मी घसा खाकरला. "आदरणीय ग्रामस्थांनो, आदरणीय काशीअप्पा लिंगैक्य झाले!"

आवाज चौकात घुमला तेव्हा लक्षात आलं, टपावरच्या भोंग्याचं बटण चालूच होतं.

दारं उघडल्याचे आवाज आले. माझ्या चिरक्या आवाजावर गावाचा विश्वास बसला होता. सगळ्यांत आधी आल्या शांताबाई. पायात चप्पल नाही, हात कणकेनं भरलेले, डोळ्यांतून धारा. "अप्पा वं!" म्हणून त्यांनी हंबरडा फोडला आणि समोर बघतात तर अप्पा पोत्यावर बसलेले.

अप्पा धडपडत उठले. त्यांनी हात जोडले. "आदरणीय शांताबाई, त्यो मी नव्हतो."

"म्हाईत हाय. शेळीला आदरणीय न म्हणणारा त्यो आवाज तुमचा कसा आसंल?" शांताबाई तिथेच पायरीवर बसल्या आणि कणकेच्या हातांनीच डोळे पुसू लागल्या. "आदरणीय नगं, अप्पा. कुणी शिव्या दिल्यात, कुणी आदरणीय म्हणलंय. तुमी नुसतं पोरी म्हणा."

गल्लीच्या टोकाला ती दुसरी रिक्षा कांद्याचा भाव सांगत होती. अप्पांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. उभ्या जन्मात ज्याला शब्द कमी पडला नाही, त्याला हा एक शब्द घरात कधी लागलाच नव्हता. मग त्यांनी हात पुढे केला, शांताबाईंच्या डोक्यावर ठेवला, आणि माईकशिवाय, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पोरी."

मी एवढ्या जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.