मामाच्या फोटोमागचा हिरवा उजेड

निरीक्षकसाहेबांनी घरात इंटरनेट घ्यायचं ठरवलं, तेही नीट पारखून घ्यायचं ठरवलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

साहेब वजनमापे खात्यात होते. दुकानात जायचं, पेटीतली आपली खरी वजनं काढायची, दुकानदाराच्या काट्यावर ठेवायची आणि त्याचा चेहरा कसा उतरतो ते बघत बसायचं, हे त्यांचं काम. आयुष्यभर हेच केल्यामुळे कुणी काहीही सांगितलं तरी त्यांना आधी ते तोलून बघावंसं वाटे. लग्न ठरवताना मुलीकडच्यांनी उंची सांगितली, तेव्हा ते खिशात टेप घेऊन गेले होते. (मोजली नाही. पण टेप होती, हे बायको अजून विसरलेली नाही.)

तर त्या बायकोला नोकरी लागली. घरात बसून कॉम्प्युटरवरून मुलांना गणित शिकवायचं. लग्नानंतर सुटलेलं शिकवणं इतक्या वर्षांनी परत दारात आलं होतं आणि ती हल्ली भांडी घासतानाही पाढे गुणगुणत होती.

"अहो, पहिल्या तारखेला वर्ग सुरू होतात," ती म्हणाली. "मोबाईलच्या नेटवर चालणार नाही म्हणालेत. घरात चांगलं कनेक्शन लागेल, नाहीतर ते दुसरी कुणी बघतील."

"मी बघतो," साहेब म्हणाले. "घाई नको."

"घाई नको" हे साहेबांचं लाडकं वाक्य. रिक्षात बसताना, डॉक्टरकडे जाताना, एकदा तर स्वयंपाकघरात पडद्यानं पेट घेतला तेव्हासुद्धा ते हेच म्हणाले होते. (पडदा त्यांच्या आईंनी विझवला.)

पहिल्या कंपनीचा माणूस आला. शंभरचा स्पीड देतो म्हणाला.

"दाखवा," साहेब म्हणाले.

"कनेक्शन घेतलंत की दिसेल."

"म्हणजे माल घरी नेऊन मग वजन करायचं?"

तो माणूस चहा अर्धा टाकून गेला. दुसऱ्या कंपनीच्या माणसानं अमर्याद प्लॅन आणला. अमर्याद म्हणजे नक्की किती, असं साहेबांनी विचारलं. तो म्हणाला, मोजमापच नाही साहेब. जो माल मोजता येत नाही तो मी घेत नाही, म्हणून साहेबांनी त्यालाही वाटेला लावला. मग त्यांनी स्वतःची पद्धत काढली. संध्याकाळी मोबाईल समोर धरून ते जिन्यात उभे राहू लागले. कुठल्या शेजाऱ्याचं वायफाय कुठल्या पायरीपर्यंत पोचतं, त्यावरून कुठली कंपनी दमदार ते ठरवायचं. शेजारच्या बायका साहेबांना वळसा घालून जाऊ लागल्या.

आणि अशातच पहिली तारीख आली आणि गेली.

बायको चिडली नाही, रडली नाही, माहेरी फोन केला नाही. तिनं चहा दिला आणि वर म्हणाली, "साखर बरोबर आहे ना?" आता ज्यांचं लग्न झालंय त्यांना सांगायला नको, की ओरडणारी बायको परवडते, पण अशी गोड बोलणारी परवडत नाही. तिची नोकरी आपल्यामुळे गेली, हे साहेबांना कळून चुकलं. विचारायची हिंमत मात्र होईना.

त्यानंतर घर काही वेगळंच वाटू लागलं.

आधी दिसला तो उजेड. दिवेलागणीची वेळ होती, बाहेरच्या खोलीत अजून दिवा लावला नव्हता. समोरच्या भिंतीवर, फडताळाच्या वर, मामांचा फोटो टेकवून ठेवलेला असे. आईंना भाऊ दोन. थोरला तरुणपणीच परदेशी गेला तो तिकडचाच झाला. धाकटा इथेच टेलिफोनच्या ऑफिसात होता, त्याला सगळे टेलिफोन मामा म्हणत, आणि फोटो त्याचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली. जिवंत असताना येईल तेव्हा म्हणायचा, "अरे, फोन घ्या घरात, रोज बोलू." साहेब तेव्हा फोन पारखत होते. पारखून होईपर्यंत मामाच गेला.

तर त्या मामाच्या डोक्यामागे, फोटोच्या कडेनं, हिरवा उजेड उघडझाप करत होता.

साहेबांनी डोळे चोळले. उजेड होताच. ते पाय न वाजवता मागे सरकत स्वयंपाकघरात गेले.

"आई, मामाच्या फोटोत तुला काही वेगळं वाटतं का गं?"

"पुसायला झालाय," आई म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या. सून खाली मान घालून कणीक मळत होती. तिचे खांदे हलत होते. रडतेय बिचारी, साहेबांना वाटलं, आणि त्यांचा जीव अर्धा झाला.

दुसऱ्या दिवशी, पहिल्या तारखेनंतर प्रथमच, ते मोबाईल काढून जिन्यात गेले. शेजाऱ्यांची सगळी वायफायं ओळखीची होती. त्यांच्या वर, सगळ्यात जोरात, एक नवीनच नाव उभं होतं.

ढम्या.

साहेबांच्या हातून मोबाईल सुटता सुटता राहिला. लहानपणी ते अंमळ गोल होते आणि त्यांना ढम्या म्हणायचा तो एकटा टेलिफोन मामा. आईला ते ठाऊक होतं, पण बाहेर कुणाला नाही. बायकोलासुद्धा त्यांनी कधी कळू दिलं नव्हतं. आता तेच नाव हवेतून त्यांच्या हातात आलं होतं, शेजारी एक छोटं कुलूप घेऊन.

खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. साहेबांनी त्यांना गाठलं.

"डॉक्टर, तुमच्याकडे हा... ढम्या येतो का?"

"येतो की. अगदी स्वयंपाकघरापर्यंत," डॉक्टर म्हणाले. "कोणाचा आहे कळत नाही. तुमच्या बाजूनं येतो, एवढं खरं."

"कधीपासून?"

"पहिल्या तारखेच्या सुमारास लागला असेल. दुपारी जास्त जाणवतो. तुम्ही घामाघूम का झालात? दाढ दुखतेय का?"

साहेबांनी एकट्यानं पासवर्ड टाकून बघितला. मामाचं नाव, मामाचं ऑफिस, मामाच्या सायकलचा रंग. प्रत्येक वेळी मोबाईल नम्रपणे म्हणे, चुकीचा आहे. मामा कुलूप उघडत नव्हता. रागावला होता, दुसरं काय.

त्या दिवशी साहेब कचेरीतून भरदुपारीच निघाले. काम सुचत नव्हतं. एका वाण्याचा सरळ सरळ खोटा काटा त्यांनी पास केला होता. (वाणी घाबरून स्वतःच म्हणाला, साहेब, पुन्हा एकदा बघा.) घराचं दार किल्लीनं उघडलं. आत सामसूम. मग बंद खोलीतून बायकोचा आवाज आला, हळू, पण ठाम.

"सगळे आलात का? मला तुमचे चेहरे दिसत नाहीयेत."

साहेबांनी दाराला कान लावला.

"एकेकानं बोला. गर्दी करू नका. जो बोलावल्याशिवाय बोलेल त्याला मी बाहेर काढीन."

नोकरी गेली त्याचा बाईनं एवढा धसका घेतला की ती आता न दिसणाऱ्यांशी बोलू लागली. आणि ते तिचं ऐकतही होते, कारण आतून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "मी आहे, बाई."

ते धडपडत आईच्या खोलीकडे वळले. दार लोटलेलं होतं. फटीतून आईची पाठ दिसत होती आणि तिच्या पलीकडून येणारा निळसर उजेड.

"एवढ्या वर्षांनी दिसायला लागलास रे," आई म्हणत होती. "पण किती पांढरा पडलास."

"इकडे थंडी फार गं," एक घोगरा आवाज म्हणाला. "तुम्ही सगळे या ना इकडे. ढम्यालाही आण."

साहेब तिथून जे निघाले ते थेट रस्त्यावर. नाक्यावर इंटरनेटचं पहिलं जे दुकान दिसलं त्यात शिरले आणि म्हणाले, "आज. आत्ता. कुठलाही प्लॅन द्या. स्पीड तुम्हीच ठरवा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माल न तोलता घेतला. मामा गेला तो गेला, निदान बायको तरी माणसात यावी, एवढंच त्यांच्या मनात होतं.

संध्याकाळी वायरवाला आला. पिशवी खांद्याला, हातात पक्कड. साहेबांनी बायकोला आणि आईला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि घसा साफ केला.

"मला माफ कर," ते बायकोला म्हणाले. "तुझी नोकरी मी घालवली. पण कनेक्शन आजपासून येतंय. उद्याच त्यांच्या पाया पडतो आणि सांगतो, चूक माझी होती."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत हे वाक्य तिनं त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती काही बोलणार, तेवढ्यात वायरवाल्यानं खोलीभर नजर फिरवली, सरळ फडताळाशी गेला आणि मामांचा फोटो उचलला.

"अहो, हात लावू नका," साहेब कसेबसे म्हणाले.

फोटोच्या मागे एक पांढरा डबा बसला होता. त्याचा हिरवा दिवा उघडझाप करत होता.

"साहेब, हे आमचंच कनेक्शन आहे की," वायरवाला म्हणाला. "मीच लावून गेलो होतो. अजून एक कशाला हवंय?"

बायकोनं पदराला हात पुसले.

"तुम्हाला दाखवलं असतं तर तुम्ही ते परत पाठवून चौकशी सुरू केली असती," ती म्हणाली. "मला ही नोकरी हवी होती हो. फार हवी होती. आता वर्गात पोरं वाढलीत. दुपारी कॅमेरे बंद करून बसतात, एवढाच त्रास."

"आणि आई, तू कोणाशी..."

"थोरल्या मामाशी," आई म्हणाल्या. "रोज बोलतो आम्ही. तिकडे बर्फ पडतोय. तुझं लहानपणीचं नाव त्यालाही मीच सांगितलं, फार हसला. हा वायरवाला तेव्हा विचारत होता, डब्याला काय नाव द्यायचं. मला दुसरं कुठलं सुचणार?"

साहेब खुर्चीत बसले. मग एकदम सावरून उठले.

"पण म्हणजे मी निवडली तीच कंपनी तूही निवडलीस. तू कशी पारखलीस?"

"जिन्यात पहिला हा भेटला," बायकोनं वायरवाल्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही?"

साहेबांनी वायरवाल्याला पाणी विचारलं. वायरवाल्यानं पिशवी आवरली आणि जाता जाता डब्यासमोरून मामांचा फोटो जरा बाजूला सरकवून ठेवला. म्हणाला, असा ठेवलात तर रेंज आणखी चांगली येईल. मामा हसत होते. तसे ते फोटोत पहिल्यापासूनच हसत होते, पण साहेबांना ते आज दिसलं.

"बरं," साहेबांनी मोबाईल काढला. ढम्या समोर उभाच होता, कुलूप घेऊन. "आता मला पासवर्ड द्या. मामाच्या सायकलपर्यंत सगळं टाकून बघितलं मी."

सासूसुनांनी एकमेकींकडे बघितलं. बायको हसू दाबत होती, खांदे परत हलत होते. वायरवालाही दारात थबकला.

"अगं सांग ना," साहेब म्हणाले. त्या दोघींना हसू आवरेना, तेव्हा त्यांनी मोठ्या मनानं मोबाईल मांडीवर ठेवला. "ठीक आहे. आधी हसून घ्या. मग सावकाश सांगा. घाई नको."

"बघ, येत होतं की तुला," आई म्हणाल्या. "तेच टाक. मधे जागा सोडू नकोस."