मागून कोण गाऊन राहिलं?

पुढचा डावा

रेकॉर्ड पुसून झाली, सुई पुसून झाली, चहाचे कप मांडून झाले, तरी दाराबाहेर एकही चप्पल नव्हती. गिरिधरने दार उघडून पुन्हा पाहिलं. पायपुसण्यावर वर्तमानपत्र पडलं होतं, आणि तेसुद्धा शेजारच्यांचं.

"उत्तरा, आज काय आहे वं?"

"रविवार," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"मंग भैयाजी काहून नाही आले? ऋषी काहून नाही आला?"

"ते गौरांगकडे बसून राहिले. मागच्या रविवारीही तिकडंच होते. भैयाजींनी सर्दी झाली म्हणून सांगितलं होतं ना, ती सर्दी नव्हती."

गिरिधर सोफ्यावर टेकला. त्याची सारी नोकरी कोराडीच्या वीजकेंद्रात झाली. जनित्राच्या घरघरीवरून कुठलं बेअरिंग झिजलंय, ते तो चहा पिता पिता सांगायचा. निवृत्तीनंतर त्याच कानांसाठी त्याने कपाटाएवढे दोन स्पीकर घेतले आणि दर रविवारी सत्तरच्या दशकातल्या विलायती रॉक रेकॉर्डी लोकांना ऐकवायला सुरुवात केली. ऐकवणं म्हणजे आधी तो समजावून सांगायचा. मग सुई ठेवायचा. मग सुई उचलून, तुमचं काय ऐकायचं राहिलं ते सांगायचा.

ऐकणारे दोनच. भैयाजी बँकेतून निवृत्त झालेले. ते उघड्या डोळ्यांनी झोपू शकायचे. ऋषी दातांचा डॉक्टर. आठवडाभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावून बोलू न देणारा हा माणूस रविवारी स्वतः तोंड मिटून बसायचा. एवढीच सभा, पण गिरिधरला ती पुरायची. उत्तरा त्या सभेला कधीच आली नव्हती. "मले इथून ऐकू येते," ती स्वयंपाकघरातून म्हणायची. "गाण्यापेक्षा तुमचं बोलणंच जास्त येते."

पुढचा उजवा

गौरांगचं घर मागच्याच गल्लीत. कळमन्याच्या बाजारात त्याची संत्र्यांची अडत. आवाजाशी या माणसाचा संबंध लिलावात ओरडण्यापुरता, असं गिरिधरचं ठाम मत होतं. आणि याच माणसाने घरी पाच स्पीकर आणि एक ठोक्यांचा डबा आणला होता. दोन पुढे, एक मधे, दोन मागे, आणि डबा कोपऱ्यात, धाडधाड करायला.

संध्याकाळी भैयाजी भाजीच्या गाडीवर सापडले.

"सर्दी कशी आहे भैयाजी?"

"कोणती? हां, ती. उतरली." भैयाजींनी मेथीची जुडी चेहऱ्यासमोर धरली. "खरं सांगू का गिरिधरभाऊ? तिथं आवाज चहूकडून येते. आपण गाण्याच्या मधात बसतो."

"लग्नातल्या बँडच्या मधातही बसता येते."

"पोहेही देते तो. वरून झणझणीत तर्रीचा रस्सा टाकून."

संगीताच्या मुद्द्यावर गिरिधरकडे पुष्कळ उत्तरं होती. तर्रीला एकही नव्हतं.

पण खरा घाव पुढच्या रविवारी बसला. उत्तरा चांगली साडी नेसून निघाली. गौरांगच्या आईने, यमुताईंनी, बोलावलं होतं. गिरिधरला वाटलं, पापड लाटायला असेल. दुपारी ती परत आली ती नाक पुसत.

"काय झालं? कोणी काही बोललं का?"

"अहो, काय सुंदर! आपली ती उलट्या छत्रीची रेकॉर्ड आहे ना, तीच लावली होती त्यानं. माणूस पुढून गाते, आणि मागून एक बाई त्याले उत्तर देते. हळूच. कानाशी आल्यासारखी. मी तं रडलीच थोडी."

गिरिधरला आधी वाटलं, छातीत गॅस झाला. मग कळलं, तो हेवा होता. कव्हरवर उलटी छत्री असलेली ती रेकॉर्ड त्याने या घरात इतक्यांदा वाजवली होती की छत्रीचा रंग बोटांनी पुसून गेला होता. त्यातल्या एका ओळीवरही बायकोने कधी 'हं' म्हटलं नव्हतं. आणि परक्याच्या घरी जाऊन रडून आली!

"त्यात एकटी बाई नाहीच," तो म्हणाला. "चौघं जण कोरस धरतात."

"तुमच्या दोन डब्यांत नसन. तिथं आहे."

मधला

त्यानंतरच्या रविवारी गिरिधर स्वतः गेला. ऐकायला नव्हे, पकडायला.

"या या गिरिधरभाऊ! मी तं कवाच बोलावणार होतो, हिंमतच नाही झाली," गौरांग म्हणाला. "तुम्ही सोफ्यावर बरोबर मधात बसा. पाचही स्पीकर तिथंच भेटते."

हा मान गिरिधरला टोचला. गौरांग मनापासून चांगला वागत होता, आणि चांगल्या माणसाचा हेवा करणं फार मेहनतीचं काम असतं.

गौरांगने काहीही समजावून सांगितलं नाही. बटण दाबलं आणि तो गप्प बसला. गिरिधरला हे अशोभनीय वाटलं.

माणूस गाऊ लागला. ओळ संपली. आणि मागून, अगदी डोक्याच्या मागून, एका बाईने ती सुरावट उचलली. शब्द नव्हते, नुसता 'आ'कार. थोडा खरखरीत, थोडा झुलता. गिरिधरच्या हातावर काटा उभा राहिला. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याने तो हात खाजवला.

"डास आहे का?" गौरांगने विचारलं.

"हाव. खूप." गिरिधरने हात पाठीमागे घेतला. "पण ही बाई रेकॉर्डमध्ये नाही."

"हाय रेझोल्यूशन आहे ना भाऊ. जे दबलेलं असते ते सारं वर येते."

शेजारी उत्तरा डोळे मिटून बसली होती. ऋषी डोलत होता. आणि भैयाजी जागे होते. हे सगळ्यात जास्त लागलं.

ज्या रेकॉर्डचा धागान्‌धागा आपण उसवला, तिच्यात एक अख्खी बाई होती आणि आपल्या कानांना ती कधी सापडली नाही, हे मान्य करण्यापेक्षा एक सोपा उपाय गिरिधरला सुचला. मागच्या दोन्ही स्पीकरांच्या तारा गुपचूप काढायच्या. हे लोक तरीही 'मागून काय आवाज येऊन राहिला!' म्हणणारच. मग उभं राहून सांगायचं, बाप्पाहो, मागचं सारं बंद आहे, घरी चला.

मागचा डावा

पोहे खायला सगळे अंगणात गेले. गिरिधर "चष्मा राहिला" म्हणत परतला, सोफ्यामागे गेला आणि गुडघ्यांवर बसला. गुडघ्यांनी आपलं मत नोंदवलं.

त्याने डाव्या स्पीकरची तार धरून ओढली, पण ओढायची गरजच नव्हती. तिचं दुसरं टोक मोकळं होतं. उजव्याचंही. दोन्ही तारा गुंडाळून कुणीतरी चक्क गाठ मारली होती, आणि त्या गाठीत कोळ्याने संसार थाटला होता.

मागचे स्पीकर मुके होते! आणि तेही आजचे नव्हे. कोळ्याचा पसारा पाहता बऱ्याच आठवड्यांचे. गुन्हा न करता पुरावा हातात आला होता. गिरिधर आनंदाने उठणार, तेवढ्यात त्याच्या मनात आलं, मग बाई कुठून गात होती?

"गिरिधरभाऊ?"

दारात गौरांग उभा होता, हातात पोह्यांची प्लेट. त्याच्यामागे ऋषी, भैयाजी आणि उत्तरा.

"काय करून राहिले तिथं?"

"चष्मा शोधून राहिलो."

"डोळ्यावर आहे," उत्तरा म्हणाली.

"हे पाहा, ह्या तारा निघालेल्या आहेत," गिरिधरने तारा वर धरल्या.

"दिसून राहिलं," ऋषी म्हणाला. "तुमच्याच हातात आहे."

"अरे, मी नाही काढल्या! आधीच निघून होत्या!"

"निघून होत्या तं आत्ता मागून बाई कशी गात होती?" उत्तराने विचारलं.

चोरी करायला गेलेल्या घरात आधीच चोरी झालेली असावी आणि तरीही पकडलं आपल्यालाच जावं, अशी त्याची गत झाली. बायकोचा प्रश्न तर त्यालाही पडला होता.

"थांबा, मी लावून देतो," तो शेवटी म्हणाला. आणि ज्याची बैठक मोडायला आला होता त्याच्याच तारा त्याने स्वतःच्या हातांनी जोडल्या. जन्माची सवय, त्यामुळे फार नीट जोडल्या.

मागचा उजवा

गाणं पुन्हा लागलं. ओळ संपली आणि मागच्या दोन्ही स्पीकरांतून चार जणांचा कोरस उठला. गुळगुळीत, रेशमासारखा, एकदम खरा.

"हे कोण आले?" भैयाजी म्हणाले.

"ती बाई कुठी गेली?" उत्तराने विचारलं.

"हाच तो कोरस!" गिरिधर ओरडला. "हाच आहे रेकॉर्डमध्ये! मी म्हणत नव्हतो?"

"पहिलंच बरं होतं," ऋषी म्हणाला. "तुम्ही काहीतरी बिघडवलं."

 गौरांगने पोह्यांची प्लेट गिरिधरसमोरून थोडी बाजूला सरकवली.

ते सरकवणं गिरिधरला सहन झालं नाही. तो सगळ्यांदेखत सोफ्यामागे गेला आणि दोन्ही तारा उपटल्या. "आता ऐका! मागचं बंद आहे. आता दाखवा मले तुमची बाई!"

कोरस गेला. माणूस एकटा उरला. त्याची ओळ संपली.

आणि मागून बाई आली.

सगळ्यांच्या माना वळल्या. सोफ्यामागे स्पीकर, स्पीकरांमागे स्वयंपाकघराचं दार, आणि दारात यमुताई. हातात ओली कढई, फडकं गोल गोल फिरतंय, डोळे अर्धे मिटलेले.

"आई!" गौरांग म्हणाला. "तू गाऊन राहिली?"

"मंग काय करू?" यमुताईंनी कढई पुसणं थांबवलं नाही. "इतक्या रविवारांपासून तो बिचारा एकटाच आळवून राहिला. मागं झील धरायले कोणी नाही. आणि तुम्ही सारे नुसते पोहे खाऊन राहिले."

"झील?"

"आमच्या भजनात पुढच्यानं ओळ सोडली की मागच्यायनं उचलून धरा लागते. गाणारा कोणताही असो, त्याले उघडा नाही सोडत."

"मंग आत्ता मधात काहून थांबली?" गौरांगने विचारलं.

"आत्ता त्याचे चार जण आले होते ना. मंग माझं काय काम?"

तारांचाही उलगडा झाला. स्पीकर बसवले तेव्हा पाहुण्यांची पाठ देवघराकडे होत होती. यमुताईंनी एका दुपारी दोन गडी बोलावून अख्खा हॉल फिरवून घेतला. गौरांगने पुढचं सगळं पुन्हा जोडलं. मागच्या तारा पायांत येतात म्हणून यमुताईंनी त्यांना गाठ मारून ठेवली. गौरांगकडच्या पाच स्पीकरांसाठीच्या आवृत्तीत कोरस होता तो फक्त मागच्या स्पीकरांत, म्हणजे कुठेच नव्हता. आणि मागून आवाज तर येतच होता, त्यामुळे गौरांगने वाकून पाहिलं नाही.

"म्हणजे तुम्ही सारे," गिरिधरचा आवाज आनंदाने कापू लागला, "इतके दिवस पुढचे स्पीकर आणि एक म्हातारी ऐकून राहिले होते!"

"म्हातारी कोणाले म्हणतो रे?" यमुताईंनी कढई खाली ठेवली. "आणि तू तिथं सोफ्यामागं कशाले घुसला होता, ते सांग आधी."

गिरिधरने पोह्यांची प्लेट जवळ ओढली आणि तोंड भरून घेतलं.

आणि ठोक्यांचा

पुढच्या रविवारी गिरिधरच्या दाराबाहेर चपलांना जागा उरली नाही. भैयाजी आले, ऋषी आला, गौरांग तर्रीचा डबा घेऊन आला. आणि ज्यांच्यामागे हे सगळे आले होते, त्या यमुताई आल्या. त्यांना गिरिधरनेच बोलावलं होतं. सभा परत आणायला दुसरा मार्ग नव्हता. पण सगळे त्याच्याकडे न पाहता त्यांच्यासाठी जागा करू लागले, तेव्हा जिंकूनसुद्धा त्याच्या छातीत पुन्हा तोच गॅस झाला.

यमुताई सोफ्यावर बसेनात. "झील मागं उभी राहते," म्हणत त्या स्वयंपाकघराच्या दारात उत्तराजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

गिरिधरने रेकॉर्ड हातात घेतली आणि घसा साफ केला. "तर ही जी गिटार आहे, ती ध्वनिमुद्रणाच्या वेळी..."

"वेळीऽऽ," मागून यमुताईंनी ओळ उचलली.

सभा हसली. गिरिधरने दुर्लक्ष केलं. "ती डाव्या बाजूला..."

"बाजूलाऽऽ." या वेळी दोन आवाज होते. दुसरा उत्तराचा होता.

त्याने पुढचं सगळं गिळलं आणि सुई ठेवली. माणूस गाऊ लागला, कोरस आला. यमुताईंनी कान दिला. "इथं तं चौघंही आहे वं," त्या म्हणाल्या.

गिरिधरचा चेहरा उजळला. "तेच तं मी सांगून राहिलो! स्टिरिओत काही कमी नसते."

"पण दोन डब्यांत कोंबून दबले बिचारे. चल उत्तरा, वर काढू."

आणि दोघींनी झील धरली. मग ऋषीने धरली, भैयाजींनी धरली, लिलावात कमावलेला गौरांगचा आवाज तर खिडकीच्या काचांत घुमला. दोन्ही स्पीकरांचा आवाज जिथे बरोबर भेटतो त्या खुर्चीत गिरिधर एकटा बसला होता, आणि त्याला स्पीकर ऐकू येत नव्हते. त्याने मागे वळून पाहिलं. उत्तरा स्पीकरकडे टक लावून उभी होती. गायकाची ओळ संपत आली की तिचा श्वास अडायचा, ओळ संपली की ती उत्तर द्यायची. एकही ओळ रिकामी जाऊ देत नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, गिरिधरने या घरात हजारो वाक्यं टाकली होती. एकाही वाक्यासाठी ती अशी थांबली नव्हती.

त्याने उठून सुई उचलली.

"थांबवलं काहून?" उत्तरा म्हणाली. "लावा ना. त्याची ओळ अर्धीच राहिली."

आपल्या घरात आपली रेकॉर्ड लावा, असं ती पहिल्यांदाच म्हणत होती. तिचं मन बदलायच्या आत गिरिधरने घाईघाईने सुई ठेवली, आणि या वेळी एक अक्षरही बोलला नाही. माणसाने पुन्हा गायला घेतलं. मागे उत्तराने श्वास भरला.

हातातल्या कव्हरच्या पाठीवर त्या गायकाचा फोटो होता. लांब केस, बारीक कंबर, छातीपर्यंत उघडा सदरा. हा माणूस फार तरुणपणी गेला, हे गिरिधर दर रविवारी हळहळत सांगायचा. आज त्याने फोटो नीट न्याहाळला, कव्हर पालथं घालून ठेवलं, आणि त्यात एवढं हळहळण्यासारखं काय होतं, हे त्याला काही केल्या आठवेना.