सप्र्यांच्या केलरमधला वास

सप्रे माणसाच्या डोळ्यांत बघत नाहीत, नाकाच्या टोकाकडे बघतात. जर्मनीत ब्राउनश्वाइगला आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या वरच्या मजल्यावर ते राहायला आले, तेव्हा जिन्यात पहिली भेट झाली. जानेवारीची थंडी होती. मी हात पुढे केला, तर हे माझं नाक निरखत म्हणाले, "लालसर. म्हणजे तुम्ही उत्तरेचे." मी कोथरूडचा आहे हे सांगून काही उपयोग झाला नाही.

पुढे उलगडा झाला. सप्रे इथल्या एका संस्थेत जायंट पेट्रेल मोजतात. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रावर फिरणारा हा थोराड पक्षी. त्याच्या दोन जाती, उत्तरेची आणि दक्षिणेची, दिसायला इतक्या सारख्या की चोचीचं टोक बघावं लागतं. लालसर असेल तर उत्तरेची, हिरवट असेल तर दक्षिणेची. बेटांवरच्या कॅमेऱ्यांतून फोटो येतात आणि सप्रे दिवसभर टोकं बघतात. जिवंत पक्षी मात्र त्यांनी एकदाही पाहिलेला नाही, कारण त्यांना बोट लागते. निवडणूक, क्रिकेट, कोणाच्या मुलीसाठी आलेलं स्थळ, कशावरही मत विचारा, उत्तर ठरलेलं: "आधी टोक बघा."

एकदा आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. बायकोने टोमॅटोचं सार वाढलं आणि सप्र्यांना विषय सापडला. मेलेल्या सीलमध्ये हा पक्षी मानेपर्यंत डोकं कसं खुपसतो आणि बाहेर काढतो तेव्हा कसा रंगलेला असतो, हे त्यांनी वाटी तोंडाला लावत सांगितलं. आमच्या मुलीने चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, एकाच बेटावर दोन्ही जाती नांदतात, पण उत्तरेवाले दीडएक महिना आधी अंडी घालतात, म्हणून सोयरीक फारशी होत नाही. अंडं एकच, आणि त्यावर नवरा-बायको दोन महिने आळीपाळीने बसतात. हे ऐकून बायकोने माझ्याकडे पाहिलं.

आता त्या वासाबद्दल. आमच्याकडे तळघरात प्रत्येक घराला एकेक केलर आहे, अडगळ ठेवायला. दोन केलरच्या मध्ये नुसत्या लाकडी पट्ट्या. सप्रे आल्यापासून तिथे कुजक्या मासळीवर रॉकेल ओतल्यासारखा वास यायला लागला. आमच्या सायकली, आकाशकंदील, सासूबाईंनी पाठवलेली भाजणी, सगळं त्यांच्या केलरला खेटून. मुलगी नाक धरून म्हणायची, "बाबा, दास श्टिंक्ट."

वर जाऊन "अहो सप्रे, वास येतोय" एवढंच म्हणायचं होतं. मी हाउसफेरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीला, मेल लिहिली. बारा वर्षांत मी इतका जर्मन झालो होतो. व्यवस्थित परिच्छेद पाडले आणि शेवटी लिहिलं, माझं नाव कळवू नये.

पुढच्या शनिवारी सकाळी सप्रे कंपनीचं पत्र घेऊन दारात उभे. त्यांचं काम सगळं इंग्रजीत, त्यामुळे जर्मन 'गेनाऊ'च्या, म्हणजे 'बरोबर'च्या, पुढे सरकलेलं नाही. मोबाइलने सार सांगितलं होतं, पण म्हणाले, तुम्ही एकदा नीट वाचून दाखवा आणि उत्तरही तुम्हीच लिहा.

मी वाचायला लागलो. कंपनीने माझी वाक्यं जशीच्या तशी उतरवली होती. माझंच लिखाण मी त्यांना मराठीत समजावून सांगत होतो आणि जिथे मी 'बेजबाबदार' लिहिलं होतं, तिथे 'थोडं दुर्लक्ष' म्हणत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वाक्यं लांबलचक दिसतात," सप्रे कौतुकाने म्हणाले. "कोणी जुना जर्मन माणूस असणार."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, वास कशाचा होता. म्हणाले, नलिनीच्या जॅकेटचा. नलिनी त्यांची बायको, याच कामातली. तिला बोट लागत नसे. तीन वेळा ती बेटांवर जाऊन राहिली. ती तिकडून फोटो पाठवायची आणि हे इथे टोकं बघायचे. शेवटच्या खेपेला एका घाबरलेल्या पिल्लाने तिच्या अंगावर पोटातलं तेल ओकलं. स्वतःला वाचवायचा पिल्लांचा तो एकच उपाय, आणि कपड्यातून तो वास जात नाही. ती परत आली आणि वर्षाच्या आत आजारपणात गेली.

"तिच्या साड्यांचा, उशीचा वास तीन महिन्यांत उडाला," सप्रे म्हणाले. "हा तेवढा राहिला. ती घरात शिरली तेव्हा हाच येत होता."

मी घाईघाईने म्हणालो, मग ठेवा ना, हवाबंद डबा आणू, आजच आणू.

"तीनदा धुतलं. जाईना. परवा कचऱ्यात टाकलं, काल गाडी घेऊन गेली. लोकांना त्रास नको. लिहा, वास गेला."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी लॅपटॉप उघडला आणि माझ्याच तक्रारीवर त्यांच्या वतीने माफीचं पत्र लिहायला घेतलं.

"त्या गृहस्थांचं नाव नाही ना कुठे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"कळलं असतं तर बरं होतं. स्वतः जाऊन सॉरी म्हणालो असतो."

मी मान वर न करता टाइप करत राहिलो. त्यांनी सही केली, पत्र मीच पोस्टात टाकलं. या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. आज पहिल्यांदा कबूल करतोय, तेही त्यांच्यापाशी नाही, तुमच्यापाशी, आणि याचीही लाज वाटते.