केसोजी कुंभार यांनी कौलांचे राज्य राखिले त्याची हकीकत

माती आणि अग्नी या दोन्ही थोर दैवतांस दंडवत करून लिहिण्यात येते ऐसे की, शके एकोणीसशे दहा, विभवनाम संवत्सरी, माघमासी मंगळवारी कौलांच्या राज्यात रोजच्यासारखा दिवस उजाडला आणि भट्टीचे मुख्य कारभारी केसोजी कुंभार यांची स्वारी कामावर दाखल जाहली. रिवाज ऐसा की, भट्टी उघडली म्हणजे पहिले कौल केसोजींनी कानाशी धरावे, बोटाच्या पेराने वाजवावे, आणि ते खणखणले तरच बाकीची कौले बाहेर यावीत. ही खोड त्यांस इतकी जडली की घरच्या मडक्यांपासून जावईबापूंच्या नव्या स्कूटरीपर्यंत सर्व वाजवून पाहत, आणि स्कूटरीस "बद्द वाजते" म्हणाले ते जावईबापूंनी कैक वर्षे मनात ठेविले. त्या मंगळवारी कौल उत्तम वाजले, मग सर्वांनी चहा घेतला, आणि दुसरे दिवशी मालकांचा हुकूम आला की, मुलूख आता सिमेंटचे पत्रे घालतो, सबब भट्टी विझवावी.

मग राज्य मोडले आणि मंडळी पोटामागे शहरगावी पांगली, आणि केसोजी एकटे मागे राहिले. माती काढलेल्या खड्ड्यांत पाणी साचून तळी जाहली, त्यांच्या काठी केसोजींनी करंज आणि उंबर लाविले, आणि बद्द वाजली म्हणून टाकून दिलेल्या कौलांची आळी करून रोपे जगविली. कन्या सगुणाबाई शहरी नांदत होत्या, त्या न्यावयास आल्या आणि रागे भरून बोलिल्या, "आबा, मेलेल्या भट्टीची राखण करून कुणाचं भलं होणार आहे? चला माझ्याकडे."

केसोजी म्हणाले, "तुझ्या तिसऱ्या मजल्यावर माती कुठाय गं? कुंडीत?"

बाई तशाच परतल्या. पुढे येणेजाणे चालू राहिले, परंतु सव्वीस वर्षे तो मेलेल्या भट्टीचा बोल काही बाईंनी मागे घेतला नाही.

मग सरकारांनी तेथे उद्यान करण्याचे मनावर घेतले, परंतु भट्टीचे धुराडे जुने, कोसळेल, ते पाडावे, ऐसे सरकारी साहेबांचे मत पडले. केसोजी ऐंशी उलटलेले, काठी टेकीत गेले आणि हात पोचेल तेथवर वीट न् वीट वाजवू लागले. साहेब आधी हसले, मग घड्याळ पाहू लागले, आणि मग खुर्ची मागवून बसले. तिसरे प्रहरी केसोजींनी एका विटेवर खडूने फुली केली. "साहेब, एवढी एक बदला. बाकीचं तुमच्या नातवंडांना पुरेल."

साहेबांनी यंत्रे लावून तपास करविला, तो तीच एक वीट खिळखिळी निघाली आणि धुराडे वाचले.

उद्घाटनास महिना उरला असता केसोजी निजले ते उठले नाहीत. समारंभास पांगलेली मंडळी नातवंडे घेऊन आली, मुले कौलांच्या आळ्यांवरून उड्या मारू लागली, आणि सगुणाबाईंस दोन शब्द बोला म्हणून विनंती जाहली. बाई माईकपाशी न जाता धुराड्यापाशी गेल्या, बोटाच्या पेराने वीट वाजविली आणि कान देऊन उभ्या राहिल्या.

सारांश, भट्टी गेली, कौले गेली, आणि दोन तळी, एक धुराडे व चारशे झाडे रयतेस राहिली. ती ज्यांनी राखिली त्यांस त्यांच्या कन्येने सर्वांदेखत सांगितले ते एवढेच:

"आबा, तुम्ही राहिलात ते बरं केलंत. मीच चुकले होते."